सीटखालची पिशवी

शहापूरच्या दुकानात हणबर कंपौंडरनं
बिलाच्या पाठीवर लिहून दिलं होतं:
गॉज चार, क्रेप बँडेज एक, बेटाडिनची बारकी बाटली,
धुवायला सलाईन, चिमटा.
"कापूस नको गा. चिकटून बसतोय, काढताना बोंब."

कात्री माझी, शिवणाची, बोथट टोकाची.
गुळाचा खडा इनासचा.
त्याचं म्हणणं, चक्कर भुकेनं येते, रक्तानं नव्हे.

राजहंसगडाच्या मागल्या उतारावर
जांभ्याचे खडे चाकाखाली मण्यांसारखे पळतात.
रविवारी तिथं आम्ही नाही पडलो.
बसलिंग पडला. दहा-अकराचा,
वडलांची सायकल, ब्रेक नावाला,
हँडलला दुधाची किटली.

गुडघा उघडा. लाल माती कुठं संपते,
रक्त कुठं सुरू होतं, कळेना.
सलाईन ओतलं तेव्हा कळलं.

तो रडत नव्हता. कन्नडमधून मोजत होता
सांडलेले लिटर.
मी विचारलं, कुठं दुखतंय?
त्यानं किटली दाखवली.
इनासनं विचारलं, "एल्लि नोवु?"
त्यानं पुन्हा किटलीच दाखवली.

पट्टी बांधली. गूळ त्यानं गालात धरून ठेवला.
पैसे होते आमच्याकडं, फोनात.
फोनाला रेंज नव्हती.
किटलीचा पोचा मी दगडानं ठोकून पाहिला,
निघाला नाही.

आता पिशवी पुन्हा भरलीय.
कंपौंडरच्या यादीखाली माझ्या अक्षरात एक ओळ:
शंभराच्या दोन नोटा, प्लास्टिकात.
हणबर चष्म्यावरून बघत म्हणाला,
"हे कशावरचं औषध?"