चौदाव्या चौकटीत

चवथ होऊन नऊ दिवस झाले.
जीपच्या टपावरून अजून माटोळीची सुंभं लोंबतायत,
एकाला वाळकं कांगलं.
उल्हास म्हणतो, असू दे, कामाला येतात.

सुर्लाचा सडा. धुकं इतकं
की चौदावी चौकट पायांनी शोधावी लागते:
जांभ्यात ठोकलेला खिळा, त्यावर लाल रंग होता.
रंग गेला. खिळा आहे.
एक मीटर गुणिले एक मीटर,
प्लास्टिकच्या नळीचा पांढरा चौकोन टेकवला
की आतलं गवत अभ्यासाचं, बाहेरचं म्हशींचं.

गुडघ्यांवर बसून मोजते.
गेंद, एकशे बारा. डोकी मोजायची, मुळं नाहीत.
सीतेची आसवं एकेक मोजता येत नाहीत,
टक्क्यांत लिहायची:
आसवं, चाळीस टक्के.
दवबिंदू सात, त्यातल्या एकाच्या मिठीत
चिलट, अजून पाय हलवणारं.
त्याला रकाना नाही.

वहीतलं आधीचं अक्षर फिलोमिनाबाईंचं,
बारीक, उजवीकडे झुकलेलं, सात पावसाळ्यांचं.
खरचुडी: १. कळी. उद्या उमलेल, मी नसेन.
पुढल्या वर्षी: १.
त्याच्या पुढल्या: १, पान किडलेलं.
यंदा मी तीनदा गवत विंचरलं बोटांनी.
शून्याला पेन्सिलीचा एकच वळसा पुरतो,
तेवढाही निघेना.

खाली कारणं छापलेली, खूण करायची:
चराई. वणवा. रानडुक्कर. चाकं. इतर.

धुक्यातून आधी घंटा आल्या, मग म्हशी,
मग धाकू वरकाची नात निकिता,
तिसरीतली, डोक्यावर खताच्या पिशवीची खोळ.
"कितें सोदता?"
मी फोटो दाखवला. हिरवट कंदील, जांभळं टोक.
तिने दोन बोटांनी तो मोठा केला,
आणि ओठ पुसले.
"हो? हो हांवें खालो."

गोड नसतो म्हणे. पाण्यासारखा लागतो,
शाळेतून येताना बरा.
"अर्दोच खालो. अर्दो परत पुरलो.
आजो सांगता तशें."

खिळ्यापासून वीतभर अंतरावर तिने जागा दाखवली.
तळहाताएवढी माती, बाकीच्या मातीसारखीच.
उकरलं तर कळेल आहे की नाही.
उकरलं तर नसेलच.
उल्हास माझ्याकडे बघत होता, निकिता म्हशींकडे,
आणि मी त्या मातीकडे, जिला काहीच सिद्ध करायचं नव्हतं.

प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी 'समुदाय'ची व्याख्या दिली आहे,
एका जागी, एका काळी, एकत्र वाढणाऱ्या जाती,
मार्गदर्शकांनी तिच्यावर बरोबरची खूण केली आहे.
त्यात भूक कुठे बसवू?
आणि अर्धा ठेवणं?

'इतर'वर खूण केली.
संख्येच्या रकान्यात लिहिलं: अर्धी.
पणजीतला संगणक हे घेणार नाही,
लाल चौकट दाखवेल,
पूर्णांक भरा म्हणेल.

उल्हासने टपावरचं एक सुंभ सोडलं,
खिळ्याला दोन वेढे देऊन गाठ मारली,
पुढल्या वर्षी पटकन सापडावं म्हणून.
निकिताने गाठ नीट पाहून घेतली.
"म्हस खातली तें," म्हणाली,
आणि म्हशींच्या मागे गेली.