यादीत एक ओळ

मे महिना, रात्रीचे अडीच, नंदनवनची मागची गल्ली.
कूलरमधलं पाणी संपलंय, वाळ्याचा कोरडा वास तेवढा फिरतोय,
आणि टाइमलाइनच्या माथ्यावर लाल पट्टी
या टोकापासून त्या टोकापर्यंत.
शेंद्रे-बावनकर विवाह, तीन तास चाळीस मिनिटं,
सकाळी दहाला द्यायचाय.
वरमाला अडखळते.
नवरीचा हात उठतो, थांबतो,
मग एकदम हार गळ्यात.
मधलं सगळं मशीनने गिळलेलं.

कार्ड तर सीताबर्डीहून आणलेलं,
तीन लग्नांचा अॅडव्हान्स मोडून.
सॉफ्टवेअर त्याच्याकडे बघतच नाही.
सेटिंगमधला तो पर्याय राखाडी,
कितीही क्लिक करा,
जेवणाच्या सुट्टीतली खिडकी.

भोजराजला फोन लावला. तो जागाच असतो.
"बिघडलं काई नाई, ताई. नाव नाई त्याचं यादीत."
कोणत्या यादीत?
"साधी टेक्स्ट फाइल हाये. दहा-बारा कार्डायची नावं.
ज्याचं नाव आत, त्यालेच काम.
तुमचं कार्ड दारात उभं हाये,
अन् आतून कोणी आवाज देऊन नाई राहिलं."

फोल्डरात फोल्डर, फोल्डरात फोल्डर,
वीज कंपनीच्या कचेरीत या टेबलाहून त्या टेबलाला धाडतात तशी गेले.
तळाशी खरंच ती फाइल.
ना कुलूप, ना शिक्का.
कोणीतरी कुठल्यातरी थंड खोलीत बसून
जेवढी तपासली तेवढी लिहिलेली नावं.
बाकीच्यांना कोणी नाही म्हटलं नव्हतं.
लिहिलं नव्हतं, इतकंच.

"आधी कार्डालेच विचारा त्याचं नाव," भोजराज म्हणाला,
"ते सांगन तसंच लिहाचं. एक जागा जास्त सुटली
की ओळखत नाई."

हे मला नको सांगू, भोजराज.
पाचवीत हजेरीपटावर माझा अनुस्वार सुटला.
बाई 'कुदा' म्हणायच्या
आणि अख्खा वर्ग बाकावरून कुदायचा.
मी वर्षभर हजर म्हणत राहिले,
कोणाच्या नावाने कोण जाणे.

शेवटच्या नावाखाली एंटर.
अक्षर अक्षर, जागा जागा, दोनदा वाचून.
जतन करायला गेले तर म्हणे परवानगी नाही.
माझ्याच घरात, माझ्याच मशीनवर.
मग प्रशासक होऊन पुन्हा आले, पुन्हा लिहिलं.

राखाडी पर्याय काळाभोर झाला.
लाल पट्टी पिवळी.
आणि वरमाला वाहू लागली,
पंखा, पताका, भटजींची कुजबुज, सगळं सलग,
नवरीचा हात उठला

आणि थांबला.

मशीनचं नव्हतंच ते.
सव्वादोन सेकंद हार हवेत.
ती बघतेय नवऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे.
तिथे, फ्रेमच्या अगदी काठावर,
काळी पर्स पोटाशी धरलेली एक बाई.
बाई मान हलवते. हो.
मग हार.

टेबलावर शेंद्र्यांनी दिलेला कागद आहे,
कोण कोण दिसलंच पाहिजे त्याचा. बेचाळीस नावं,
मामा, मावसे, दोन नगरसेवक.
चेहरे जुळवत तीनदा खालवर गेले.
ही त्यात नाही.

कार्ड अठ्ठ्याऐंशी अंशांवर.
यादी करणाऱ्यांनी नागपूरचा मे धरला नसणार,
त्यांचंही काही अगदीच चूक नव्हतं.
डब्याचं झाकण काढलं, टेबलफॅन त्याच्याकडे वळवला,
आणि स्वतः घामात बसून राहिले.
सव्वादोन सेकंदांना हात लावला नाही.

पहाटे भोजराजचा फोन. "चाललं का?"
चाललं. ती पर्सवाली बाई कोण रे?
"कोणती बाई?" तो म्हणाला.

शूटिंग त्यानेच केलं होतं.