मोजता न येणारं

ग्रिम्सबीत मंगळवारी संध्याकाळी
चर्चमागच्या खोलीत हीटर खोकत असतो
आणि मी फळ्यावर दोन रकाने आखते.
डावीकडे मोजता येणारं, उजवीकडे न येणारं.
साठ वर्षं ही भाषा माझ्या तोंडात आहे,
पण तिच्यातला हा एवढासा 'अ'
कधी दाताखाली लागला नव्हता.

रेबवार विचारतो, ब्रेड का नाही मोजायचा?
त्याच्या घरी सात माणसं, रोज मोजूनच वाटतात.
मोजायचाच तर लोफ म्हण, मी सांगते, स्लाइस म्हण.
फर्निचर मोजत नाहीत, खुर्ची मोजतात.
वर्क मोजत नाहीत, जॉब मोजतात.
"आणि जातो तेव्हा," तो म्हणतो, "बरोब्बर एकच जातो."
सगळे हसतात. डांगुओले हसत नाही.

ती मासळीच्या कारखान्यात, गार पट्ट्यापाशी उभी असते.
तिला मी कोंबडीचं उदाहरण देते:
अंगणात फिरते तोवर अ चिकन,
ताटात आली की नुसतं चिकन.
ती वहीतून मान वर करते.
"म्हणजे जीव गेला की 'अ' जातो?"
व्याकरणाच्या पुस्तकात असं कुठे लिहिलेलं नाही.
हो, म्हणते मी.
"मग माझ्या पट्ट्यावर दिवसभर
'अ' गेलेलंच येतं."

नोव्हेंबरात गृहपाठ तपासताना
तिच्या वहीत निळ्या शाईचं एक वाक्य:
काल मला अ न्यूज आली.

लाल पेन टेकवलंच होतं.
न्यूज उजव्या रकान्यातली,
पाण्यासारखी, धुळीसारखी. तिला 'अ' लागत नाही.

"एकच आली," डांगुओले म्हणाली.
"पहाटे. भावाचा फोन. आई.
आमच्यात बातमी मोजतात."

आता हिला काय सांगू? अ पीस ऑफ न्यूज म्हण?
तुकडा म्हण?
पेनला टोपण लावलं. चहा टाकला.
चहासुद्धा उजवीकडचाच,
पण कप दोन मांडले.

पुढच्या मंगळवारी तिनंच पान उघडलं,
'अ'वर काट मारली, इतकी हलकी
की खालचं अक्षर वाचता येत होतं.
परीक्षेत चालणार नाही ना, म्हणाली.
नाही, म्हणाले मी.

रेबवार उशिरा आला. पिशवीत एक लोफ, अजून कोमट.
आम्ही नऊ जण होतो.
त्यानं मोजून कापला.