चलनातला फोटो

कुठ्ठाळीच्या उतारावर कॅमेरा बसला
तेव्हा स्टँडवरचे आम्ही पायलट हसलो:
डोळा आहे, पण हात कुठे आहेत त्याला?

महिनाभरात सगळे शहाणे झाले.
खांबाच्या अलीकडे ब्रेक, हेल्मेट कोपरावरून डोक्यावर,
आणि खांब मागे पडला की
पुन्हा तीच मस्ती, थेट मासळीबाजारापर्यंत.

तियोतीन तेवढा हसला नाही.
"पन्नास पावलं तर पन्नास पावलं," म्हणाला,
"माझ्या रोमाल्दला तेवढीच हवी होती."

काल माझं चलन आलं.
वेग चौसष्ट. नंबर स्पष्ट.
पिवळं मडगार्ड, मागे सुंगटांची पिशवी धरून बाई,
डोळे गच्च मिटलेले.
आणि कोपऱ्यात, पुसट, रोमाल्दचा पांढरा खुरीस;
खाली भर दुपारी जळणारी मेणबत्ती.

अकरा वर्षं जातोय त्या वळणावरून.

दंड भरला. पावती
सातेरीच्या तसबिरीमागे खोचली.
आज खांब गेला, तरी गाडी तिसऱ्यातच.
मागचं गिऱ्हाईक वैतागलं,
"पात्रांव, फेरीबोट सुटेल ना!"

सुटली खरी.
धक्क्यावर उभे राहून दोघांनी
तिचा धूर बघितला.