पुराची डाळ

वाटल्या डाळीत लसूण? लोक विचारतात.
तोही दीड गड्डा?
पुण्यात हा प्रश्न म्हणजे
जवळजवळ पोलीस चौकी.
मी म्हणते, आमच्यात अशीच करतात.
आमच्यात म्हणजे कुणात,
हे मलाही पक्कं माहीत नव्हतं.

पानशेत फुटलं तेव्हा मी सव्वा वर्षाची,
शेवंताक्का सात.
तिनं सांगितलेलं मला आठवतं, माझं म्हणून.
नारायण पेठेतली आमची खोली, भिंतीवर
पाण्याची रेघ, कॅलेंडरच्या वर.
बाबा शांतिलालशेठच्या दुकानात हमाल.
तीन दिवस गाळ उपसला, आणि मजुरी म्हणून
हरभऱ्याच्या डाळीचं अर्धं पोतं,
भिजून टम्म, आंबूस.
शेठच्या डोळ्यांत पाणी होतं, अक्का म्हणते,
गल्ल्यात नव्हतं काही.

एवढं पाणी येऊन गेलं
आणि डाळ धुवायला पाणी नाही.
वरवंटा गाळात सापडला, पाटा नाही सापडला.
आईनं जिन्याच्या पायरीवर वाटली ती डाळ.
नदीचा वास काही जाईना.
म्हणून लसूण.
तरी जाईना.
म्हणून आणखी लसूण, मिरच्या, झाकण, वाफ.
अक्का म्हणते, तसं जेवण पुन्हा नाही.

पुढं पाटा आला, मग मिक्सर आला,
डाळ कोरडी, निवडलेली, पाकिटातली.
लसूण तेवढाच राहिला.
मी बीजगणितात गेले, तेव्हा डाळ.
अक्काची सुपारी मोडली, तेव्हा डाळ.
मार्केट यार्डात बाबांच्या पायावर पोतं पडलं
त्या रात्री कुणी काही बोललं नाही,
कढईत उलथणं तेवढं वाजत होतं.
आणि परवा प्राचीची हिंजवडीतली नोकरी गेली,
रात्री अकराला आली, हेल्मेट हातातच.
आई, डाळ आहे?
भिजायला चार तास लागतात, मी म्हटलं.
थांबते, म्हणाली.
पहाटे तीनला ओट्याला टेकून
कढईतूनच खाल्ली तिनं.

आई मात्र ती डाळ कधी खात नसे.
मला हरभरा बाधतो, म्हणायची
आणि दिवाळीत बेसनाचे दोन लाडू खायची.
या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघायला
मला पन्नास वर्षं लागली.

ससूनमध्ये, शेवटच्या आठवड्यात,
एकाएकी म्हणाली, माडगं कर.
कसलं माडगं?
कुळथाचं. गूळ घालून. आमच्या गावचं.
आई, तुझं गाव कुठलं गं?
खरंच विचारलं मी हे, त्या वयात.
आंबीच्या काठचं, म्हणाली. धरणातलं.
आधी माझं गाव धरणात गेलं,
मग धरण माझ्या घरात आलं.
गॅस संपला सांगावं, तशा आवाजात.
फुटलं तेव्हा गाव पुन्हा उघडं पडलं म्हणे.
बघायला कोण जाणार,
मी डाळ वाटत होते.

माडगं येणारं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं.
तिच्या माहेरची माणसं दौंडकडं पांगलेली,
त्यातल्या एका भाचसुनेनं फोनवर अंदाजानं सांगितलं,
पीठ कालवा, ढवळत राहा, हात थांबवू नका.
माझा थांबला. गुठळ्या झाल्या.
डब्यातून नेलं, दोन चमचे घेतले आईनं,
तोंडात घोळवले, म्हणाली,
हे नव्हे.
मग तिसरा चमचा मागितला.

थंडीत करते मी अजून कधीमधी.
परवा स्वयंपाकघरात प्राचीची मैत्रीण
वाटीत चमचा थांबवून विचारत होती,
यात गुठळ्या का?
आणि प्राची म्हणाली, पटकन, जरा तोऱ्यात,
आमच्यात अशाच ठेवतात.
मी नळ सोडला, भांडी घासायला घेतली.