रात्रपाळी

बेसा रोडवरचा टू बीएचके अजून विटांतच आहे.
मी मात्र त्यात रात्र केली:
खिडकीबाहेर चंद्र, चार टक्के,
पलंगाशी एक दिवा, पिवळा.

रेंडर अडकलाय एकसष्टवर.
कूलरचं पाणी संपलं, सीपीयू मे महिन्यासारखा तापलाय,
कोपऱ्यातल्या अंधारात
रवा सांडल्यासारखे दाणे.

पडदे, उशी, पाण्याचा तांब्या, सगळं ठेवलं.
माणूस ठेवायचं नसतं.

कुंदा ठवकर, मेडिकलच्या सिस्टर, म्हणाल्या होत्या,
‘दिवसाचं चित्र नको जी.
दिवसा तर मी झोपूनच असते.
माझं घर रात्री कसं दिसन,
तेवढं दाखवा.’

पहाटे चारला शंभर टक्के.
पाठवलं.
लगेच दोन निळ्या खुणा.
मग बऱ्याच वेळानं:
‘दिवा चालूच राहू द्या.’