पेर

विट्याच्या कॉलेजात तृणकुलाचा तास मी घ्यायचे,
पण मांडायचे बाबालाल मुलाणी.
माळावरून सकाळी खुडून आणलेलं,
ट्रेमध्ये, ओल्या फडक्याखाली:
हरळी, कुसळ, मारवेल, पवन्या,
जोंधळ्याचं एक ताट मुळासकट,
आणि उसाचं कांडं, जे तास संपेपर्यंत
कुणीतरी निम्मं चघळलेलं असायचं.

कडेला लव्हाळा. मुद्दाम.
मुलं त्याला गवतात धरायची.
पहिल्या वर्षी मीही धरला.
‘बाई, बोटांत घिऊन फिरवा,’
ते ट्रे पुसत पुसत पुटपुटले,
‘तीन धारा लागत्यात. म्हंजी हे न्हवं.
गवात गोल. ऊस-जोंधळा सोडला तर आतनं पोकळ,
आन् जागोजाग पेर.’

पेर म्हणताना उजवा हात खिशात गेला.
तर्जनीला एकच उरलेलं, मधल्या बोटाला दोन.
कडबाकुट्टी. वय वर्षं सोळा.
एवढंच, तेही ऑफिसातल्या क्लार्ककडून कळलं.

वाळवलेल्या गवतांची शीटं तेच मोजायचे,
अंगठा पेरांवरून नेत,
सगळे मोजतात तसे, चार बोटांचे बारा.
त्यांच्या हातावर नऊच भरत.
उरलेले तीन ते हवेत मोजायचे,
जिथे बोटं असायला हवी होती तिथे,
आणि रजिस्टर कधी चुकलं नाही.

एकदा कपाटातून कुसळीचं शीट काढलं,
तारीख माझ्या जन्माआधीची,
डांबरगोळ्यांचा वास. ड्रॉपरने एक थेंब.
कोरडं कुसळ पीळ उकलत
हळूहळू फिरायला लागलं,
जमीन शोधत, कागदावर.
पोरं ओरडली. बाबालाल नाही.
‘आभाळ आलं की माझं बी असंच,’ म्हणाले,
‘न्हाई तितंच खाजतंय.’

परीक्षेत प्रश्न: तृणकुलाचे आर्थिक महत्त्व. पाच गुण.
बलवडीच्या निर्मला शिरतोडेने लिहिलं:
भाकरी गवत, गूळ गवत, चहातली पात गवत,
म्हशीचा कडबा, मोळाची केरसुणी,
बुरडाची पाटी, शिडी, माठातला वाळा.
मग रेघ मारून:
बाई, घरात गवत नाही ते लिहिते, जागा कमी लागेल.
मीठ. तवा. आजीचा चष्मा.
मी पाच दिले. मॉडरेटरने दोन कापले.

त्या साली कार्तिकात वारं सुटलं
आणि कॉलेजमागची ज्वारी भुईसपाट झाली.
मी हळहळले. ते म्हणाले, चार दिस थांबा.
पाचव्या दिवशी मुलांना बांधावर नेलं.
ताटं अजून आडवीच, पण प्रत्येक जण
एकेका पेराशी काटकोनात मुडपून
कणसासकट वर बघत होतं.
पेराची खालची बाजू जास्त वाढते, मी सांगितलं,
संप्रेरकं, गुरुत्वाकर्षण, आकृती काढा.
आणि ओघात पुढचंही:
गवत शेंड्याला नाही, पेराच्या बुडाशी वाढतं,
म्हणून शेळीने खाल्लं, विळ्याने कापलं, तरी…

तिथे माझं वाक्य अडकलं.
ते समोरच उभे होते, छत्री घेऊन.
पोरांच्या पेनांची टोकं वर.
‘तरी बी येतंय,’ त्यांनी पुरं केलं,
‘लिवा की.’

निवृत्तीच्या दिवशी किल्ली टेबलावर ठेवली.
सहाशे अकरा शीटं, मोजून घ्या.
हार नको म्हणाले. चहा घेतला,
कप डाव्या हातात.

आता मीच मोजते.
अंगठा करंगळीवरून निघतो, अनामिकेवरून,
मधल्या बोटाची दोन, तर्जनीचं एक,
आणि तिथेच थांबतो, सवयीने.
पुढचे तीन हवेत मोजायला
मला अजून जमत नाही.
आकडा दर वेळी वेगळा येतो.